बारसूच्या सड्यावरून लेकीनं खिशात आणलेला दगड, आणि गारगोटीच्या विहिरीतला एक

वेदगंगाकाठ

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण सगळं नीट सांगितल्याशिवाय मदत मागता येणार नाही.

मागच्या आठवड्यात सुट्ट्या जोडून आल्या म्हणून आम्ही चौघं राजापूरला गेलो. मलकापूरवरून अणुस्कुरा घाटानं उतरलो, ओणीला चहा घेतला आणि दुपारी तीनच्या सुमारास बारसूच्या सड्यावर पोचलो. कातळशिल्पं बघायची म्हणून लेक महिनाभर मागं लागली होती. सातवीत आहे. पोचलो तेव्हा ऊन असं डोक्यावर, की समोर नुसता तांबडा-काळा जांभ्याचा माळ. काहीच दिसेना. बायको म्हणाली, चुकीच्या जागी आलोय. गुरं राखणाऱ्या एका आजोबांनी सांगितलं, "थांबा जरा, सूर्य कलू दे." म्हणून थांबलो.

पाच वाजून गेले तसा उजेड आडवा आला आणि कातळावरच्या चरांत सावली भरायला लागली. आधी एक पाय दिसला, मग कंबर, मग दोन्ही हात. आम्ही ज्याच्या शेजारी चटई टाकून बसलो होतो तो मधोमध उभा असलेला माणूस होता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन वाघ. लेक उठून त्याच्या कडेकडेनं पावलं मोजत चालली. मी चराला हात लावून बघितला. चार बोटं सहज बसतील एवढी रुंदी. चराच्या तळाशी शेवाळ वाळून काळं झालेलं. एवढ्या कठीण जांभ्यात, लोखंड नसताना, कुणीतरी बसून हे कोरलंय. मला खरंच बोलायला सुचेना.

आता मुद्दा. परत येताना करूळजवळ गाडीत लेकीनं खिशातून एक बारका दगड काढून दाखवला. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा, तांबूस, उजेडाकडं धरला की कडेनं आरपार दिसतो. "शिल्पापासून तीसेक पावलांवर होता, चकाकत होता म्हणून उचलला," म्हणाली. तो बघितल्यावर मला आठवलं की गारगोटी गावाजवळ आमच्या काकांच्या विहिरीचं काम झालं तेव्हा मीही एक दगड आणून ठेवलाय. काळा, पिंपळपानासारखा, दीड किलोचा, एका बाजूनं धार. शाळेच्या पुस्तकात हातकुऱ्हाडीचं चित्र असतं ना, हुबेहूब तसा.

दोन्हींचे फोटो खाली टाकतोय, शेजारी रुपयाचं नाणं ठेवलंय. फोटो १ लेकीचा, फोटो २ माझा. ही अश्मयुगातली हत्यारं आहेत का? असतील तर काय करायचं? इथल्या एका कार्यालयात फोन करून विचारलं, तर "दगडाचं काय घेऊन बसलाय" एवढंच ऐकायला मिळालं. म्हणून इथं लिहितोय.

टाकीचा घाव

दादा, आमचं घराणं पाथरवटाचं. आजा पाटे-वरवंटे, जाती घडवायचा, वडिलांनी देवळांची कामं केली. मी आता ग्रॅनाइटच्या दुकानात असतो, पण हाताला दगड अजून कळतो. फोटो २ बद्दल सांगतो, राग मानू नका.

काळा दगड फोडला की आत निळसर निघतो. तो उघड्यावर पडला की वर्षागणिक त्याला कात चढत जाते, आधी राखी, मग तांबूस, मग बोटानं खरवडली तर पीठ निघावं अशी. तुमच्या दगडाच्या पाठीला ती कात चांगली जाड आहे. पण ज्या कडेला तुम्ही धार म्हणताय, तिथला रंग बघा. निळा, ताजा, कात नाही. म्हणजे पाठ जुनी आणि धार कालची. विहिरीला जेसीबी लावला होता का? असला तर तो बकेटीच्या दाताचा घाव आहे. डाव्या बाजूला एक सरळ ओरखडा दिसतोय, तो दाताच्याच मापाचा आहे.

आणखी एक. माणूस दगड फोडतो तेव्हा दगडाची शीर बघून मारतो. एक छिलका निघाला की त्याच्याच कडेवर पुढचा घाव, मग दगड उलटून दुसऱ्या बाजूनं. असं शिवणीसारखं एकाआड एक जातं. तुमच्या दगडावर तसं काही नाही, एकच मोठा टवका आहे. आजा म्हणायचा, दगड चुकून फुटला की एकदाच फुटतो, घडवलेला दगड दहा वेळा फुटलेला असतो.

फोटो १ चं मात्र मला कळत नाही. ती जात आमच्या कामाची नव्हे.

वेदगंगाकाठ

जेसीबीच होता. राग कसला, उलट आभार. काकांना आत्ताच फोन करून विचारलं, दगड बारा-पंधरा फुटांवर मुरमात अडकलेला निघाला म्हणाले.

उत्खनन वही

मी पुरातत्त्व शिकलोय, दोन-तीन उत्खननांत खंदकात बसून माती चाळलीय. पाथरवट दादांनी जे सांगितलं ते आम्हाला वर्गात सहा महिने शिकवलं होतं, आणि त्यांनी ते चार ओळींत सांगितलं. फोटो २ बाबत मी त्यांच्याशी पूर्ण सहमत. फक्त एवढ्यावरून कुणी असं समजू नये की आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात हातकुऱ्हाडी मिळतच नाहीत.

भारतात अश्मयुगाचं पहिलं हत्यार ओळखलं रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञानं, ३० मे १८६३ रोजी, मद्रासजवळ पल्लावरमला. तिकडं क्वार्टझाइट मुबलक. तो दगड टिकतो, कात कमी धरतो, हत्यार लगेच ओळखू येतं. बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड, झिजतो, कुजतो, घावांच्या कडा गोल होतात. त्यामुळं दख्खनच्या पठारावर आदिमानव फारसा नव्हताच असं बरीच वर्षं मानलं जायचं. मग नाशिकजवळ गोदावरीच्या काठी गंगापूरला पुरातत्त्वज्ञ सांकलियांना हत्यारं मिळाली, प्रवरेच्या काठी नेवाशाला मिळाली, आणि नेवाशाजवळच चिरकीला गुडरुन कोर्व्हिनस या जर्मन बाईंनी १९६०च्या दशकात उत्खनन करून हातकुऱ्हाडी आणि फरश्यांचा (रुंद, सरळ धारेच्या दगडी हत्यारांचा) ढीग उघडा केला. ती हत्यारं बेसाल्ट आणि डोलेराइटचीच होती. म्हणजे माणूस होता, आपल्याला त्याचा दगड वाचता येत नव्हता.

आता फोटो १. इथं मी जरा ताठ बसलो. ताई-दादा, जमलं तर खालच्या बाजूचा आणि कडेचा फोटो टाका. दिव्याखाली नको, खिडकीशी धरून. सकाळच्या उजेडात.

वेदगंगाकाठ

टाकलेत, चार बाजूंनी. लेकीनं स्वतः काढलेत.

उत्खनन वही

सुंदर काढलेत, तिला माझ्यातर्फे शाबासकी.

हा दगड अकीकाच्या घरातला आहे. आपण बोलीत ज्याला सरसकट गारगोटी म्हणतो त्यातलाच. काळ्या दगडाच्या पोकळ्यांत हा तयार होतो. आता बघा, फोटोत वरच्या टोकाला एक बारीक सपाट जागा दिसते, तांदळाच्या दाण्याएवढी. घाव तिथं बसतो. तिच्या लगेच खाली पोट थोडं फुगीर आहे. त्या फुगीर भागापासून खाली, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा वर्तुळांच्या पुसट रेघा गेल्यात. काचेसारखा दगड एका जागी जोरात आघात होऊन फुटला की हे तिन्ही एकत्र येतात. उन्हानं तडकलेल्या गारगोटीत येत नाहीत. आणि उजव्या कडेला बारीक बारीक टवके एका रांगेत आहेत, सगळे एकाच बाजूनं. कडा बोथट झाली की ती पुन्हा धारेला आणायला असे टवके काढतात.

फोटो बघून मी 'हो, हत्यारच आहे' असं म्हणणार नाही, ते हातात घेऊन भिंगाखाली बघायला हवं. पण मला सगळ्यात जास्त काय खटकलं सांगू? तो जांभ्याच्या सड्यावर होता. जांभा असा दगड देत नाही. जांभा म्हणजे मुळचा खडक पाण्यापावसानं झिजून, त्यातलं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम मागं राहून तयार झालेला थर, त्यात असा अकीक बसत नाही. म्हणजे तो दगड कुणीतरी सड्यावर वर आणला. रस्त्याच्या खडीबरोबर आला म्हणावं, तर खडी काळ्या दगडाची असते. मग कुणी आणला आणि कधी?

या प्रश्नाचं उत्तर दगडात नव्हतं, तो जिथं पडला होता त्या जागेत होतं. तीस पावलं कुठल्या दिशेला? खळग्यात होता की उघड्या कातळावर? आजूबाजूला असेच आणखी तुकडे होते का? एकटा तुकडा म्हणजे कुणाच्या हातून पडलेला, पण वीस तुकडे आणि ते ज्यातून काढले तो उरलेला गाभा म्हणजे तिथं कुणीतरी बसून हत्यारं घडवत होतं. शिल्प कोरणाऱ्यांच्या जवळपास कुणी राहत होतं का, हे कळायला असे तुकडे फार मोलाचे. कातळावरच्या खोदकामाचं वय थेट काढता येत नाही, कारण त्यात रंग नाही, कोळसा नाही, हाड नाही. म्हणून भोवतालची हत्यारं, गुहांतले थर यांवरून अंदाज बांधावा लागतो. सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत उत्खनन झालं आणि दगडी हत्यारं मिळाली, त्याचं एवढं कौतुक त्यामुळंच.

लेकीला रागावू नका. पण दगड जागेवरून हलला की तो अर्धा मुका होतो, हे तिला नक्की सांगा.

वेदगंगाकाठ

वाचून पोटात कालवलं. मीच शेजारी उभा होतो आणि "छान आहे" म्हणालो होतो.

सड्यावरची

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं, सासर इथं कोल्हापुरात मंगळवार पेठेत. तुम्ही ज्या सड्यावर बसलात तशाच एका सड्यावर आम्ही लहानपणी गुरं घेऊन जायचो. पावसाळ्यात त्या खळग्यांत पाणी साचतं, बेडकांची पिल्लं असतात, श्रावणात सगळा सडा निळ्या-पिवळ्या फुलांनी भरतो. त्या आकृत्यांवर बसून आम्ही करवंदं खाल्लीत. आजी म्हणायची, पांडवांनी एका रात्रीत काढलीत, कोंबडा आरवला म्हणून अर्धी राहिली. आमच्या वाडीत कुणी त्यावर चप्पल घालून जायचं नाही. कारण कुणालाच माहीत नव्हतं, पण जायचं नाही एवढं माहीत होतं.

तुम्हाला आजोबांनी "सूर्य कलू दे" सांगितलं ना, त्याबद्दल लिहावंसं वाटलं. हे सगळं जगासमोर आलं ते अशाच माणसांमुळं. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती वर्षानुवर्षं गावोगाव फिरले, आणि गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारत राहिले की सड्यावर कुठं चित्रं आहेत का. आज रत्नागिरी-सिंधुदुर्गात हजाराच्या वर चित्रांची नोंद झालीय. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत यातल्या नऊ जागा गेल्या: कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, देवीहसोळ, बारसू, उक्षी, जांभरूण, मालवणकडचं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ. पहिली पाच आमच्या तालुक्यातली, हे लिहिताना ऊर भरून येतो.

कशेळीचा हत्ती बघितलात का? नसेल तर पुन्हा जा. एक हत्ती, सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात दुसरे कितीतरी प्राणी, मासे, पक्षी. शेजारी उभं राहून तो हत्ती दिसतच नाही, एवढा मोठा. ज्यानं काढला त्यालाही तो कधी पूर्ण दिसला नसणार. मग त्यानं त्याचं माप मनात कसं धरलं असेल? मी दोनदा गेले, दोन्ही वेळा हाच विचार करत परत आले.

आणि एक दुखणं सांगते. आमच्या शेजारच्या वाडीच्या सड्यावर माशासारखी एक आकृती होती. मी पाचवी-सहावीत असेन. तिथं चिरेखाण सुरू झाली. चिऱ्याचं मशीन फिरतं तेव्हा आधी वरचं कवच निघतं, हातभर. शिल्प असतं ते त्या कवचावरच. कुणी वाईट हेतूनं केलं नाही, जमीन त्यांची, चिरा विकून मुलींची लग्नं झाली. पण तो मासा आता कुणाच्या तरी घराच्या भिंतीत उलटा-सुलटा बसलाय. त्याचा फोटोही नाही.

राजारामपुरी गल्ली

बारसू म्हटलं की आधी २०२३ आठवतं, प्रकल्पावरून झालेलं आंदोलन. तेव्हा टीव्हीवर ही शिल्पं पहिल्यांदा बघितली. त्या वादात इथं शिरत नाही. मला एक विचारायचंय, देवाचे गोठणेला त्या माणसाच्या आकृतीपाशी होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं म्हणतात. खरं का? मित्रानं मोबाइलमध्ये बघितलं, सुई फिरली म्हणाला. त्या लोकांना चुंबकत्व माहीत होतं का?

उत्खनन वही

सुई हलते, हे अनेकांनी बघितलंय. जांभ्यात लोखंडाची खनिजं असतात, आणि उघड्या सड्यावर वीज पडली की त्या जागेचा कातळ चुंबकासारखा वागू शकतो, ही भूशास्त्रात माहीत असलेली गोष्ट आहे. माणसांनी ती जागा चुंबकत्वासाठी निवडली असं म्हणायला काही आधार दिसत नाही. पण समजा वीज पडली म्हणून एखादी जागा त्यांना वेगळी वाटली असेल, तर ते मला माणसाला धरून वाटतं. आजही आपल्याकडं वीज पडलेल्या झाडाला कुंकू लावतात. एवढं मात्र माझं मत, पुरावा नव्हे.

मसाई भटक्या

मी दर रविवारी मसाई पठार नाहीतर बोरबेट, नाहीतर दाजीपूरच्या बाजूला. हा धागा वाचून डोक्यात किडा वळवळायला लागलाय. जांभ्याचे सडे फक्त कोकणात आहेत का? मसाई जांभ्याचं, पन्हाळा जांभ्याचा, आजरा-चंदगडकडं घरं चिऱ्याची. मग आपल्या सड्यांवर काही का नाही? की कुणी बघितलंच नाही? मसाईवर मी स्वतः ओळीत गोल खळगे बघितलेत, आणि एका कातळावर चौकोनात चौकोन कोरलेला.

उत्खनन वही

चौकोनात चौकोन आणि मधून रेघा असतील तर ती नवकंकरी. किल्ल्यांच्या पायऱ्यांवर, देवळांच्या ओट्यांवर, लेण्यांच्या उंबऱ्यांवर सगळीकडं कोरलेली दिसते. गुराखी, पहारेकरी, यात्रेकरू खेळायचे. ती जुनी असू शकते, अलीकडची असू शकते, पण कातळशिल्पांच्या कुळातली नव्हे. तरी तिचीही नोंद करावी. मसाईच्या कड्यात पांडवदऱ्याची बौद्ध लेणी आहेत, तिकडं येणारी वाट त्या पठारावरून जात असेल तर खेळाचा पट असणं अगदी साहजिक.

ओळीतले गोल खळगे जपून बघा. पावसाचं पाणीही जांभ्यात गोल खळगे करतं. आत बोट फिरवा, काठ वेडावाकडा आणि आतून चाळणीसारखा लागला तर पावसाचं काम. काठ सलग, खोली सारखी, अंतरं सारखी असतील तर थांबून विचार करायचा.

बाकी आपले सडे हजार मीटरच्या आसपास, कोकणातले समुद्राजवळ, खूप खाली. वयही वेगळं. त्यामुळं तिथं आहे म्हणजे इथं असणारच असं नाही. पण कुणी ओळीनं चालून बघितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

शाळामास्तर, आजरा

वाचत होतो, आता राहवत नाही म्हणून लिहितो. मंडळी, आपण पश्चिमेकडं बघतोय, जरा पाणी कुठं वाहतं तिकडं बघा. आमची हिरण्यकेशी गडहिंग्लजवरून पुढं घटप्रभेला मिळते. चंदगडची ताम्रपर्णीही घटप्रभेलाच. आणि घटप्रभेच्या काठी बागलकोटजवळ अनगवाडीला हातकुऱ्हाडींचं मोठं ठिकाण आहे, डेक्कन कॉलेजच्या आर. एस. पप्पूंनी ते अभ्यासलं. हुणसगी खोऱ्यात इसामपूरला तर के. पद्दय्यांनी आदिमानवाची दगडाची खाणच उकरली, चुनखडीच्या लाद्या काढून तिथंच हत्यारं घडवायचे, ते १० लाख वर्षांपेक्षा जुनं मानतात. म्हणजे आपल्याच पाण्याच्या खालच्या अंगाला माणूस इतकी वर्षं वावरत होता. तो नदी धरून वर आलाच नसेल, हे मनाला पटत नाही. पटत नाही म्हणजे सिद्ध होत नाही, हेही मुलांना मीच शिकवतो.

आमच्या शाळेच्या पोरांना मी या दिवाळीत गृहपाठ दिला होता: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून या, आपल्या गावच्या सड्यावर, ओढ्यात, देवराईत कुठं रेघा, पावलं, चित्रं असलेला दगड आहे का. ३८ मुलांपैकी सहा जणांनी काहीतरी लिहून आणलं. दोन वीरगळ निघाले, एक सतीशिळा, एक पाणवठ्याजवळचा 'रामाचा पाय', आणि दोन जागा अजून बघायच्या राहिल्यात, दोन्ही सड्यावरच्या. तिथं जायच्या आधी मला या धाग्यातून काय करायचं आणि काय नाही ते नीट हवंय. पोरं बरोबर असणार.

उत्खनन वही

गुरुजी, मनापासून नमस्कार.

सकाळी आठच्या आत नाहीतर संध्याकाळी चारनंतर जा, उजेड तिरका हवा. रेघा ठळक करायला खडू, चुना, पाणी, कोळसा काहीही घालायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. फोटोसाठी लोक खडू भरतात आणि तो चरात कायमचा बसतो. शेजारी पट्टी किंवा वही ठेवून फोटो, एक जवळून, एक लांबून आजूबाजूचा परिसर येईल असा. मोबाइलमधून अक्षांश-रेखांश लिहून घ्या. दगडाचा तुकडा दिसला तर न उचलता फोटो. आणि नेमकी जागा फेसबुकवर टाकू नका, आधी पुरातत्त्व खात्याला आणि ग्रामपंचायतीला कळवा. उक्षीचं उदाहरण मुलांना सांगा. तिथं गावानंच पुढाकार घेऊन हत्तीच्या शिल्पाभोवती दगडी कठडा बांधला, वरून बघायची सोय केली. गावाला आपलं वाटलं की ते टिकतं.

जागेचं महत्त्व पटवायला लांब जायला नको. आपल्या कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती आहे, ग्रीक समुद्रदेव, शहरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेली. वीतभरही नाही. ती भंगारवाल्याकडं मिळाली असती तर एक परदेशी बाहुली म्हणून कुणाच्या तरी कपाटात गेली असती. पण ती ब्रह्मपुरीची आहे हे माहीत होतं, आणि १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षितांनी त्याच टेकडीवर खणून सातवाहनांच्या काळची विटांची घरं उघडी केली. म्हणून आज आपण म्हणू शकतो की पंचगंगेच्या काठचं हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापारात गुंतलेलं होतं. मूर्ती तीच, पण जागा कळली म्हणून तिला अर्थ आला.

टाकीचा घाव

गुरुजी, पोरांना नेताना मला सांगा. सुट्टी टाकून येतो. लोखंडाच्या छिन्नीचा घाव आणि दगडानं ठेचलेला घाव यात फरक असतो. छिन्नीचा चर तळाला धारदार, दोन्ही बाजू सरळ. दगडानं ठेचलेला चर तळाला गोल, ताटलीसारखा, आत बारीक बारीक टिंबं. पोरांना घरच्या पायरीच्या दगडावर दोन्ही करून दाखवतो, म्हणजे ती आयुष्यात विसरणार नाहीत.

सड्यावरची

दादा, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्या सड्यावरच्या चरांत बोट फिरवलं की अशीच टिंबं लागायची. आम्ही त्यांना मुंग्यांची घरं म्हणायचो.

वेदगंगाकाठ, तो दगड परत नेणार आहात का? मी पुढच्या शनिवारी माहेरी जातेय. पण नुसता नेऊन टाकू नका, कुठं टाकणार? तिथल्या अभ्यासकांकडं द्यायला हवा, जागा दाखवून.

उत्खनन वही

बरोबर. शिवाय शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू म्हटली की १९७२चा पुरावशेष कायदा आहे. घरात ठेवण्यापेक्षा अभ्यासकांकडं दिलेला बरा. भीती घालायला सांगत नाही, लेकीनं अजाणता उचललाय. पण आता कळलंय.

वेदगंगाकाठ

मंडळी, उशीर झाला, पण सगळं नीट करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

काल पहाटे निघालो. सड्यावरची ताई आणि त्यांचे भाऊ ओणीला थांबले होते. तिकडं या विषयावर काम करणारे एक गृहस्थ त्यांच्या ओळखीचे, ते सकाळी साडेसातला सड्यावर आले. लेकीनं निघायच्या आधी आठवून आठवून एक नकाशा काढला होता: वाघाचं शेपूट, तिथून काजूच्या झाडाकडं तोंड, तीस पावलं, मग एक उथळ खळगा आणि त्यात वाळलेलं गवत. मला वाटलं होतं काही जमणार नाही. ती शेपटापाशी उभी राहिली, पावलं मोजली, आणि एकोणतिसाव्या पावलाला खळगा आला. गवत होतंच.

त्या गृहस्थांनी तिला मागं थांबायला सांगितलं आणि स्वतः पालथे पडून, गाल कातळाला टेकवून, खळग्याकडं बघत राहिले. पाच मिनिटं असतील. मग तिला म्हणाले, "ये, माझ्यासारखी झोप." ती झोपली. तिला दिसलं, मला उभ्यानं दिसलं नव्हतं: गवताच्या मुळांत अडकलेले आणखी दोन तुकडे, एक पांढरट, एक तसाच तांबूस. कुणी हात लावला नाही. फोटो काढले, जागा लिहिली. हत्यारं आहेत की नाहीत यावर ते काही बोलले नाहीत, दाखवून मग सांगतो म्हणाले. लेकीचा दगड त्यांनी एका बारक्या पिशवीत घातला आणि पिशवीवर तारीख, अंतर, दिशा लिहिली. 'कोणी उचलला' या रकान्यात तिनं स्वतःच्या हातानं नाव लिहिलं.

परतीच्या वाटेवर घाट चढून वर येईपर्यंत ती गप्प होती. मलकापूर आल्यावर म्हणाली, "बाबा, विहिरीतला दगडही काकांना परत देऊया." मी म्हटलं, तो जेसीबीनं फुटलाय. म्हणाली, "हो, पण तो तिथला आहे."

काकांना सांगितलंय. येत्या रविवारी गारगोटीला जातोय.

शाळामास्तर, आजरा

गारगोटीवरून आजरा लांब नाही. रविवारी आम्ही पहिल्या सड्यावर जातोय, पाथरवट दादा येणार आहेत. सात वाजता एस.टी. स्टँडसमोर. लेकीला घेऊन या, तो नकाशाही आणा. आमच्या पोरांना तसा काढायला शिकवायचाय.

वेदगंगाकाठ

येतो गुरुजी. डबा चौघांचा आणतो, दादांसाठी वेगळी भाकरी.